ग्रेलॉकचा दिवा

ग्रेलॉकची उंची 3,491 फूट. आपल्या कळसूबाईपुढे ठेंगणाच, पण अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात याहून उंच जागा नाही. माथ्यावर गाडीतून उतरलो तर वारा उभं राहू देईना. समोर, समुद्रापासून इतक्या आत, चक्क दीपगृह! 93 फुटांचा दगडी मनोरा आणि वर काचेचा भला मोठा गोल दिवा. मूळ आराखडा बॉस्टनच्या चार्ल्स नदीसाठी होता, असं सांगतात. पहिल्या महायुद्धात राज्यातले जे सैनिक कामी आले, त्यांचं स्मारक म्हणून 1933 साली त्याचं लोकार्पण झालं. पुढच्या युद्धांत गेलेल्यांचंही ते स्मारक झालं.

आतल्या जिन्याने वर गेलो. खिडकीखाली पूर्वेला अ‍ॅडम्स गाव, उत्तरेला व्हरमाँटचे हिरवे डोंगर. हवा स्वच्छ असली की इथून पाच राज्यं दिसतात. मी मात्र अ‍ॅडम्सची घरंच बघत राहिलो.

"मामा, स्मारक गावात हवं ना? इथवर कोण येणार?" भाच्याने विचारलं.

प्रश्न रास्तच होता. मी साताऱ्याकडचा. आमच्या अपशिंग्यातले 46 जण त्याच महायुद्धात गेले आणि त्यांचं स्मारक गावातच आहे, जाता-येता नजरेला पडणारं. पण इथे अख्ख्या राज्याची माणसं आठवायची होती, म्हणून दिवा उंचावर नेला. रात्री त्याचा उजेड 70 मैलांवरूनही दिसू शकतो. मुलगा फ्रान्सच्या मातीत पुरलेला, त्याच्या कबरीपाशी जाणं आईबापांना कुठून जमणार? त्यांना निदान अंगणातून हा दिवा दिसावा, ही कल्पना मला फार मोठी वाटते.

उतरल्यावर भिंतीवरून हात फिरवला. बांधकामाच्या वेळी इथल्या लोकांना याच डोंगराचा दगड हवा होता. वापरला गेला तो क्विन्सीचा ग्रॅनाइट, राज्याच्या दुसऱ्या टोकाचा, बॉस्टनजवळचा. पुढे पाणी मुरत राहिलं, पुन्हा पुन्हा दुरुस्त्या कराव्या लागल्या. भाच्याला इथल्या लोकांचं म्हणणं पटलं. मला नाही. पश्चिमेच्या डोंगरावर पूर्वेचा दगड यायलाच हवा होता. पोरं क्विन्सीतूनही गेली होती आणि अ‍ॅडम्समधूनही.