जागणाऱ्याच्या सोबतीला

महाभारताच्या उद्योगपर्वात प्रजागर नावाचं उपपर्व आहे. प्रजागर म्हणजे जागरण. संजय पांडवांकडून परत आलाय, निरोप मात्र उद्या सभेत सांगणार आहे आणि इकडे धृतराष्ट्राची झोप उडालीय. तो रात्रीच विदुराला बोलावून घेतो. विदुर आधी झोप कुणाला लागत नाही ते ऐकवतो: बलवानाने चाल केलेला दुबळा, सर्वस्व गमावलेला, कामातुर आणि चोर. मग विचारतो, यातलं तुला काय झालंय? आपण जिला विदुरनीती म्हणून मान देतो, ती मुळात झोप न येणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या सोबतीला बसून केलेली बातचीत आहे.

अब्बांच्या इंतकालनंतर अम्मीची झोप गेली, तेव्हापासून मी हे असलं वाचत असतो. ती सत्तरीची. इशा पढून नऊला पडते, दीडच्या सुमारास जाग येते, मग फजरपर्यंत डोळा लागत नाही. उपायांना तोटा नव्हता. शेजारच्या काकूंनी दुधात जायफळ उगाळून द्यायला सांगितलं, खाला खसखशीची खीर करून गेल्या, काशाच्या वाटीने तळपाय घासून झाले. चरकसंहितेत झोप न येणाऱ्याला म्हशीचं दूध सांगितलंय, हे मी मोठ्या हौसेने ऐकवलं. ती म्हणाली, "चाळीस वर्षं म्हशीचंच पितेय की!"

मग गोळी आली. झोपेच्या औषधांचा इतिहास तसा एकसुरी आहे. 1869 मध्ये क्लोरल हायड्रेट, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हेरोनल, 1960 नंतर बेंझोडायझेपिन. दर वेळी थाटात स्वागत आणि काही वर्षांनी सवय लागल्याच्या तक्रारी. अम्मीला डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिलेली गोळी मेडिकलवाल्याच्या ओळखीवर चार महिने चालली. सकाळी तोल जायला लागला, एकदा वजू करताना मोरीत पडली. मनगटावर निभावलं. मग डॉक्टरांनीच ती हळूहळू कमी करत सोडवली. (अशी गोळी एकदम बंद करायची नसते, हे घरात कुणी घेत असेल तर लक्षात असू द्या.)

पण मधेच जाग येणं हा आजारच असतो का? रॉजर एकर्च या अमेरिकी इतिहासकाराने जुनी युरोपियन पत्रं, रोजनिश्या, कोर्टातल्या जबान्या चाळल्या. त्यांत 'पहिली झोप' आणि 'दुसरी झोप' असे उल्लेख जागोजागी निघाले. मधल्या वेळात लोक दुआ मागत, गप्पा मारत, घरातलं काम उरकत. सगळं जग असंच झोपायचं, असं मात्र नाही. 2015 साली आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या, वीज नसलेल्या तीन समाजांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ती माणसं बहुतेक एकाच टप्प्यात झोपत होती. तरी एकर्च वाचताना मला तहज्जुद आठवलीच. तीही एक झोप झाल्यावर उठून पढायची नमाज.

म्हणून मी तहज्जुदला झोपेचं औषध म्हणणार नाही. नमाज ही नमाज आहे. आणि झोप न येणाऱ्याला "ईमान कमजोर आहे" म्हणणाऱ्यांचा तर मला रागच येतो. अम्मीला हे तोंडावर ऐकवून गेलेत लोक. तिरमिजीत एक रिवायत आहे: खालिद बिन वलीद यांनी रात्री झोप येत नसल्याची तक्रार पैगंबरांकडे केली आणि त्यांनी एक दुआ शिकवली. मुहद्दिसांनी तिची सनद कमजोर ठरवलीय. पण ज्यांनी ती सांगितली, जपली, त्यांना 'अल्लाहची तलवार' म्हटल्या गेलेल्या सेनापतीला झोप न येण्यात काही वावगं वाटलं नाही.

कैरोत सुलतान कलावूनने 1284 मध्ये बांधलेला बीमारिस्तान, म्हणजे दवाखाना, वक्फवर चालायचा. झोप न येणाऱ्या रुग्णांसाठी तिथे वादक आणि गोष्टी सांगणारे असत, असं त्याच्या वर्णनांत येतं. हल्ली वक्फ म्हटलं की आपल्याला कोर्टकज्जेच आठवतात. त्याच वक्फच्या आधारावर रात्री कुणी कुणाच्या उशाशी बसून गोष्ट सांगत होतं, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो.

आजचे डॉक्टरही गोळीआधी सवयी बदलायला सांगतात. रिचर्ड बूट्झिन या मानसशास्त्रज्ञाने 1972 मध्ये मांडलेला नियम साधा आहे: अंथरूण फक्त झोपण्यासाठी. झोप येत नसेल तर तळमळत पडू नका, उठून दुसऱ्या खोलीत जा, डोळे जड झाले की परत या. अम्मीला हे पटलं. "छत देखते पडी रहने से तो अच्छा," म्हणाली.

आता ती दीडला उठते, स्टुलावर बसून वजू करते, नमाज पढते, मग टोरांटोच्या माझ्या बहिणीला फोन लावते. तिकडे तेव्हा दुपारचे चार वाजलेले असतात, बहीण रात्रीच्या स्वयंपाकाला लागलेली असते. डॉक्टर म्हणतात रात्री मोबाईल नको. अम्मी म्हणते, मी फोन उलटा ठेवते, नुसता आवाज ऐकते. परवा बहिणीच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता तिला खुर्चीतच डुलकी लागली. बहिणीने फोन कापला नाही. भांडी घासून होईपर्यंत तिचं घोरणं ऐकत राहिली.