वेगाचे औचित्य

बिटकॉइनचे पाकीट मोबाइलवर बाळगणाऱ्या मनुष्याच्या पाकिटात वस्तुतः नाणी नसतात. ती जगभरच्या संगणकांनी मिळून राखलेल्या एका सार्वजनिक खतावणीत नोंदींच्या रूपाने असतात, आणि पाकीट जपते ती केवळ त्या नोंदींवर हुकूम चालवण्याचा अधिकार देणारी गुप्त किल्ली. त्यामुळे उघडताक्षणी शिल्लक दाखवणे हे जे काम वापरणाऱ्याला क्षुल्लक भासते, ते प्रत्यक्षात एका अवाढव्य दफ्तराची शहानिशा करण्याचे असते. आणि अशी पाकिटे घडवणे हाच माझा व्यवसाय असल्याने, ती शहानिशा मनुष्याच्या धीराच्या मर्यादेत कशी बसवावी, हा प्रश्न माझ्या नित्य चिंतनाचा झाला आहे.

३ जानेवारी २००९ पासून, सरासरी दर दहा मिनिटांस एक या गतीने, या खतावणीत नोंदींचे ठोकळे जमा होत आले असून आज त्यांचा पसारा कित्येकशे गिगाबाइटांचा झाला आहे. एवढे दफ्तर मोबाइलवर उतरवणे व्यवहार्य नाही. पण सारे दफ्तर न बाळगताही आपला व्यवहार पडताळता येतो, हे सातोशी नाकामोतो या नावाने २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ निबंधातच ओळखले गेले होते. प्रत्येक ठोकळ्याचा शिरोलेख अवघा ८० बाइटांचा, म्हणजे वर्षाकाठी सुमारे ४.२ मेगाबाइटांचा भरतो, तेव्हा शिरोलेखांची साखळी स्वतः तपासावी आणि आपल्या व्यवहारापुरता पुरावा इतरांकडून मागवावा, असा मार्ग तेथे सुचवला आहे.

परंतु मागवायचे म्हटले, की काय मागवतो ते सांगणे आले. आपली नाणी खतावणीत ज्यांच्या नावे नोंदली जातात ते सारे पत्ते एखाद्या सर्व्हरच्या स्वाधीन केले तर शिल्लक क्षणार्धात मिळते. मात्र त्या सर्व्हरच्या मालकाला आपला जमाखर्च आयता कळतो. २०१२ साली सुचवल्या गेलेल्या ब्लूम फिल्टरच्या पद्धतीने ही मागणी संदिग्ध करण्याचा यत्न केला, तरी तिच्यातूनही पुष्कळ काही उघड होते असे ध्यानात आले. पुढे २०१७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत क्रम उलटला, आणि प्रत्येक ठोकळ्याचा संक्षिप्त फिल्टर पाकीट स्वतः उतरवून घेते व आपल्याशी संबंधित काही त्यात आहे का, हे आपल्यापाशीच ताडून पाहते. यास वेळ अधिक लागतो. पण ज्याच्या संपत्तीचे रक्षण करायचे त्याचीच खबर विकत देऊन मिळवलेला वेग मला वेग वाटत नाही.

खरी गती वेगळ्या वाटेने येते. बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या प्रमुख संगणक-प्रणालीने २०१५ मध्ये आधी शिरोलेख आणि मग अनेक जोडण्यांवरून एकाच वेळी ठोकळे मागवण्याची रीत स्वीकारली, आणि २०१६ मध्ये स्वाक्षऱ्यांच्या पडताळणीसाठी खास रचलेले गणिती ग्रंथालय वापरात आणून ते काम कित्येक पटींनी शीघ्र केले. या दोन्ही सुधारणांत पडताळणीला फाटा न देता केवळ तिचा भार हलका केला गेला, आणि म्हणूनच त्या मला या कारागिरीचे आदर्श वाटतात.

जेथे विलंब अटळ आहे, तेथे पाकिटाने सत्य बोलावे. हरवलेल्या मोबाइलवरचे पाकीट बारा किंवा चोवीस शब्दांवरून नव्या यंत्रात उभे करताना, त्या शब्दांपासून निघणारे पत्ते ओळीने तपासत जावे लागते, आणि प्रचलित संकेताप्रमाणे लागोपाठ वीस पत्ते कोरे आढळेपर्यंत हा शोध थांबत नाही. या अवधीत पडद्यावर शून्य झळकले, की आयुष्याची पुंजी बुडाली या समजुतीने मनुष्याचा चेहरा कसा उतरतो, हे मी पाहिले आहे. म्हणून शोध पुरा होईपर्यंत शून्याचा आकडा दाखवू नये, शोध कोठवर आला ते सांगावे. आणि एरवी पाकीट उघडताच शेवटची ज्ञात शिल्लक, ती कोणत्या वेळेची आहे त्या उल्लेखासह, तत्काळ समोर ठेवावी.

एका ठिकाणी मात्र मी घाईचा कट्टर विरोधक आहे. रक्कम पाठवण्याचा हुकूम ठोकळ्यात नोंदला गेला, की तो मागे घेता येत नाही. दाद मागायला बँकेची खिडकी नाही आणि अपिलाचे न्यायालयही नाही. बेक ३२ या पद्धतीच्या पत्त्यात चार अक्षरांपर्यंतची चूक हमखास पकडली जाते, हे खरे. पण कोणा ठकाने बनावट संगणक-प्रणालीच्या द्वारे पत्ताच बदलून स्वतःचा, निर्दोष लिहिलेला पत्ता तेथे घातला, तर कोणतेही गणित त्याला हरकत घेत नाही. तेथे वाचणाऱ्या डोळ्यांचाच आधार असतो. यास्तव पत्ता चार-चार अक्षरांच्या गटांत, ठळक दाखवावा, रक्कम आणि शुल्क पृथक मांडावे, आणि संमतीचे बटण अंगठ्याच्या सवयीने दाबले जाईल अशा जागी ठेवू नये.

यंत्राने आपल्या कामातील प्रत्येक निरर्थक क्षण छाटावा, तो याचसाठी, की हा एक सार्थ क्षण वापरणाऱ्याला निवांतपणे मिळावा. पाकीट किती झपाट्याने उघडते याचे मोजमाप आम्ही अभिमानाने करतो. पाठवण्यापूर्वी मनुष्याला काय वाचता आले आणि काय उमगले, याचीही परीक्षा तितक्याच कसोशीने झाली पाहिजे, आणि तीत उतरेल त्याच पाकिटाला मी वापरण्यास सुलभ म्हणेन.