भिंतीला टेकलेला सोफा

घरात चांगला आवाज हवा असेल तर आकडे वाढवायचे, असं मी अनेक वर्षं मानत आलो. स्ट्रीमिंगचा दर ३२० किलोबिटवरून सीडीच्या १४११ वर न्यायचा. १६ बिटांऐवजी २४ बिट घ्यायचे. ४४.१ किलोहर्ट्झवरून ९६ वर, जमलं तर १९२ वर जायचं. मधे एक उत्तम डॅक बसवायचा, म्हणजे आकड्यांचं परत विजेच्या लहरीत रूपांतर करणारी डबी. आणि सर्व्हरवरून निघालेला एकही बिट स्पीकरपर्यंत पोचताना बदलता कामा नये, हा तर धर्मच. या धर्माचा मी प्रचारही भरपूर केला. कुणी घरी आलं की चहाच्या आधी डबी दाखवायचो. काही मित्रांनी माझं ऐकून पैसे घातले. तेव्हा माझं मत आता कुठे येऊन पोचलंय, ते निदान त्यांना तरी सांगायला हवं.

जुनं सगळंच टाकून दिलेलं नाही. ॲपमधला दर्जा ‘ऑटोमॅटिक’वर ठेवला की नेट मंदावल्यावर ते गुपचूप खालच्या दरावर उतरतं. स्पॉटिफायचा तळाचा दर २४ किलोबिट आहे. त्या दराला भजनातले टाळ टाळ राहत नाहीत, पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे होतात. ब्लूटूथवर तर लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेलं, गाणंही बहुतेक वेळा पुन्हा दाबूनच स्पीकरकडे जातं. त्यातल्या त्यात बऱ्या एलडॅकची कमालही ९९० किलोबिट. म्हणून वायफायवरचा किंवा लॅन केबल जोडलेला स्ट्रीमर घ्यावा, असं मी आजही सांगतो. तो गाणं थेट सर्व्हरकडून खेचतो आणि फोन नुसता रिमोट उरतो. मधेच फोन आला तर आलाप तुटत नाही, हा फायदा मला तर बिटांपेक्षा मोठा वाटतो. विलंबित आणि द्रुत वेगवेगळे ट्रॅक असतील तर दोहोंमध्ये फट पडू न देणारा स्ट्रीमर बघून घ्यावा. समेवर आलेला माणूस अर्धा सेकंद शांततेत लटकतो तेव्हा फार वाईट वाटतं.

इथवर ठीक. मत बदललं ते याच्या पुढच्या पायऱ्यांबद्दल. २०२१ मध्ये ॲपल म्युझिकने लॉसलेस आणि त्यावरचं हाय-रेझ आणलं, २०२५ मध्ये स्पॉटिफायनेही लॉसलेस आणलं. म्हणजे ज्या आकड्यांसाठी आम्ही जीव टाकत होतो ते आता खिशातल्या फोनवर आले. आणि ते आल्यावर माझ्या हॉलमध्ये काय बदललं? प्रामाणिकपणे सांगायचं तर फारसं काही नाही. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीचे १६ बिट सर्वांत बारीक आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर देतात. २४ बिट कागदावर १४४ देतात. पण शहरातल्या हॉलची शांतता दुपारी चाळीसेक डेसिबलच्या खाली क्वचितच उतरते. वर पंखा. तो बंद करून पुण्यातल्या मे महिन्यात मारवा ऐकून दाखवावा कुणीही. ते जास्तीचे बिट पंख्याच्या आवाजाखाली कुठेतरी असतात, त्यांचे पैसे मात्र दर महिन्याला जातात.

२००७ मध्ये ई. ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरान यांनी अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये एक प्रयोग छापला. हाय-रेझ आवाजाच्या वाटेत त्यांनी मुद्दाम १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा टप्पा घातला आणि तो कधी आहे, कधी नाही, हे ऐकणाऱ्यांना सांगितलं नाही. ५५४ चाचण्यांत २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवूनही तेवढीच आली असती. मी ते वाचलं तेव्हा चिडलो होतो, त्यांची यंत्रंच सुमार असणार असं म्हणून बाजूला ठेवलं होतं. दुसरी बाजूही नोंदवतो. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जॉशुआ रीस यांनी अशा अनेक प्रयोगांची बेरीज केली, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. म्हणजे फरक शून्य नाही. पण या वरच्या २.३ टक्क्यांसाठी मी आयुष्यभर हप्ते भरायला तयार होतो, हे आता मला गमतीचं वाटतं.

मग डॅक बदलल्यावर मला जो फरक स्पष्ट ऐकू यायचा तो कसला? बराचसा व्होल्टेजचा. टेबलावरच्या सर्वसाधारण डॅकमधून कमाल २ व्होल्ट बाहेर येतात, फोनला लावायच्या छोट्या डोंगलमधून साधारण १ व्होल्ट. अॅम्प्लिफायरचा कान न पिळता डबी बदलली तर ६ डेसिबलचा फरक पडतो. आणि कानाची खोड अशी, की एखाद-दोन डेसिबल जास्त असलेला आवाज त्याला ‘मोठा’ वाटत नाही, ‘भरदार’, ‘मोकळा’, ‘जिवंत’ वाटतो. हे सगळे शब्द मी वापरलेले आहेत. पातळी मीटरने जुळवून मुलीला डबी बदलायला बसवलं आणि मी पाठ केली, तेव्हा यांतला एकही शब्द सुचेना.

पण खरा धक्का याने दिला नाही. तो दिला माझ्या मावसबहिणीने. ती गाणं शिकवते, तिला डॅक म्हणजे काय ते ठाऊक नाही आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही. एका बुजुर्ग गवयाची मैफल लावली होती. ती सोफ्यावर थोडा वेळ बसली आणि म्हणाली, “दादा, तुझा खर्ज घोंघावतोय रे.” मग उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. “इथे बरा आहे. जवारी ऐकू येते.” मी दाराशी जाऊन उभा राहिलो. तिथे तंबोऱ्याच्या चारही तारा वेगळ्या होत्या, डग्गा थापेनंतर वेळेवर थांबत होता. सोफ्यावर परत आलो तर पुन्हा सगळ्यावर एक गोधडी.

हिशेब मांडायला मग वेळ लागला नाही. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली तर खर्जाचा षड्ज सुमारे ६९ हर्ट्झवर येतो. या स्वराची लाट हवेत जवळजवळ ५ मीटर लांब असते, म्हणजे १६ फूट. आणि माझा हॉल आहे १६ फुटांचा. हॉलच्या लांबीत एखादा स्वर असा नेमका मावला की समोरासमोरच्या भिंती तो एकमेकींकडे टोलवत राहतात. दोन्ही भिंतींशी आणि बरोबर मधे तो फुगतो, भिंतीपासून चार फुटांवर जवळजवळ नाहीसा होतो. स्पीकर एका भिंतीशी, सोफा दुसऱ्या भिंतीला टेकलेला. त्या स्वराला याहून चांगली सोय कुणी करून देणार नाही! शिवाय तंबोऱ्याचं सगळं सौंदर्य जवारीने जागवलेल्या वरच्या स्वरांत असतं, आणि खालचा आवाज फुगला की आपला कान नेमके वरचे बारीक स्वर झाकून टाकतो. काळी पाचमध्ये गाणाऱ्या बायकांच्या मैफली मला नेहमी जास्त ‘स्वच्छ’ वाटायच्या. त्यांचा खर्ज ११६ च्या आसपास, या लांबीच्या दोन घुमाऱ्यांच्या मधल्या जागेत पडतो. मी मात्र त्याचं श्रेय ध्वनिमुद्रणाला देत होतो, एकदा तर नव्या वायरलाही दिलं.

सोफा दोनेक फूट पुढे घेतला. एवढंच. फुकट. स्पीकर शोकेसच्या कप्प्यातून काढून स्टँडवर आणले, त्याला थोडा खर्च आला. टाइल्सवर जाड सतरंजी, काचेच्या सरकत्या खिडकीवर जड पडदा. हॉलच्या मध्यावर उभं राहून टाळी वाजवली की पूर्वी जी झणझण मागे राहायची ती बरीच गेली. सोफ्यामागे आता केर काढायला जागा आहे आणि पाहुण्यांना चालायला नाही, हा वाद घरात अजून मिटलेला नाही. बायकोचं म्हणणं असं, की डबी निदान कुणाच्या पायात येत नव्हती.

याहून मोठा अधर्म पुढे घडला. मोजणीचा मायक्रोफोन घेतला आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर लावलं. आलेखात ७० हर्ट्झवर अजूनही शिल्लक असलेला उंचवटा दिसला, तो मी स्ट्रीमरमधल्या इक्वलायझरने ५ डेसिबल खाली घेतला. म्हणजे ज्या बिटांना धक्का लागू नये म्हणून मी एवढी वर्षं जपत होतो, ते आता रोज जाणूनबुजून बदलतो. आणि आवाज सुधारला, हे पाठ करूनही कळतं. मात्र चार फुटांवरच्या खळग्याला हे औषध चालत नाही. तिथे कितीही डेसिबल ओतले तरी भिंतीवरून परतलेली लाट ते तेवढेच पुसते, अॅम्प्लिफायर विनाकारण तापतो. उंचवटे छाटावेत, खळगे भरायला जाऊ नये आणि आपलं डोकं खळग्यात येणार नाही असं बसावं.

एवढं करून एक गोष्ट हाताबाहेरच राहते. बऱ्याच जुन्या मैफली स्ट्रीमिंगवर एकाहून अधिक रूपांत असतात, नव्याने ‘साफ’ केलेल्या आणि तशाच सोडलेल्या. साफसफाईत टेपची खरखर काढताना तंबोऱ्याची जवारीही निघून जाते, कारण दोघी राहतात त्याच वरच्या पट्ट्यात. अशी प्रत २४ बिटांत दिली तरी तिच्यात तंबोरा परत येत नाही. त्यामुळे आता यादीत नवी मैफल जोडण्याआधी मी तिच्या सगळ्या प्रती शोधतो, गवयाने तोंड उघडण्यापूर्वीचा नुसता तंबोरा प्रत्येकीत ऐकतो आणि बहुतेक वेळा खरखरीची प्रत ठेवतो, मग तिचा दर ३२० का असेना.