बकऱ्याची कुऱ्हाड

आमच्या घरी कुऱ्हाडी दोन. एक सरपणाची. ती दाराआड उभी असायची, शेजारीपाजारीही हक्कानं न्यायचे. दुसरी फडक्यात गुंडाळून आढ्याला खोचलेली. ती बकऱ्याची. तिला पोरांनी हात लावायचा नाही.

त्याआधी ती काळविटाची होती, असं आजोबा सांगायचे. आमच्या कर्जत तालुक्यात काळविटं माळामाळानं हिंडायची आणि माणसं त्यांच्या मागं. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९८० साली रेहेकुरीला काळविटांचं अभयारण्य झालं, जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं. शिकार थांबली, बरंच झालं. कुऱ्हाडीच्या वाट्याला मग फक्त जत्रेचं बकरं राहिलं.

बकरं कापायचा मान मुलाण्याचा, बलुतेदारीपासून चालत आलेला. बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवायची ती त्यानंच. मग लिंबाच्या फांदीला टांगून सोलायचं. देव आमचा, सुरी त्याची, आणि पंगतीला सगळा गाव. यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नाही.

जुन्या कुऱ्हाडीचं नेढं उकललं तेव्हा मुलाणीचाचा म्हणाले, “बाळा, नवी घेऊ. पन दुकानातली चकचकीत नगं.” गावाबाहेर गाडीलोहारांची पालं पडली होती. ट्रकच्या जुन्या पाट्याची कुऱ्हाड ते समोर घडवून देत. चाचांनी तीन-चार उचलल्या, दगडावर हलकेच वाजवल्या. खणखणीत वाजली ती ठेवली, बद्द वाजली ती परत दिली. “आतून चीर असती तिला.” मग एक डोळा मिटून नेढ्यातनं धारेकडं बघितलं, सरळ रेषेत आहे का म्हणून.

“लाकडाच्या कुऱ्हाडीला गाल जाड लागत्यात, तिला ढलपी फाडायची असती. हिचे गाल पातळ पायजेत. आन् एका हातानं पेलली पायजे. दुसरा हात मटनावर असतो.” दांडा बाभळीचा, हातभरच, उभ्या रेषेचा, गाठ नसलेला. वर पाचर ठोकलेली. टोला मारताना पातं निसटलं तर समोरच्याचा जीवच जायचा.

धार लावायची ती आदल्या दिवशी. आधी कानस, दोन्ही बाजूंनी सारखी. मग दगडावर पाणी टाकून सावकाश. चाकावर ठिणग्या उडवत लावली तर पातं तापतं आणि लोहारानं दिलेलं पाणी उतरतं. धार अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायची. घसरली तर अजून बोथट आहे. पण वस्तऱ्यासारखीही करायची नाही, पहिल्याच मणक्याला दातरे पडतात.

एवढं कशासाठी, ते चाचा कापताना दाखवायचे. बोथट कुऱ्हाड हाड तोडत नाही, चेचते. चेचलेल्या हाडाची कपची रश्श्यात जाते आणि रश्श्यातनं लेकराच्या घशात. सांध्याला ते कुऱ्हाड लावायचेच नाहीत. तिथं सुरीचं टोक आपली वाट काढतं. कुऱ्हाड फक्त छातीला, पाठीच्या कण्याला आणि नळ्यांना. खाली चिंचेचा ओंडका, कारण चिंचेच्या लाकडाचा भुसा सुटत नाही.

चाचा आता नाहीत. जत्रेच्या बैठकीत काही पोरं म्हणतात, तालुक्यातनं मटण आणू, कटकट नको. एखादा आवाज बारीक करून विचारतो, मुलाणीच कशाला पाहिजे? मी म्हणतो, तुमच्यातल्या कुणाला येतं ते सांगा. कुणी बोलत नाही.

चाचांचा मुलगा पुण्याला टेम्पो चालवतो. जत्रेच्या आठ दिवस आधी मी त्याला फोन करतो. तो विचारतो, “धार लावून ठेवली का?” मी हो म्हणतो. तरी आल्या आल्या तो ती नखावर टेकवून बघतोच.