दवाखान्याच्या कागदावर मी आपोआप पडलो

हाड जुळलं. डाव्या खांद्यावर हात फिरवला तर अजून गाठ लागते, थंडीत ठणकते, पण त्याचं मला फारसं काही वाटत नाही. मला छळतं ते डिस्चार्ज कार्ड. त्यावर लिहिलंय की रुग्ण सायकल घसरून पडला. लॉरी नाही, वळण नाही, फाटा नाही. संध्याकाळी रिकाम्या रस्त्यावर एक माणूस सायकलसकट आपोआप आडवा झाला, एवढंच.

मी बेल्याकडचा. घरात मराठी, कामावर तेलुगू, बाजारात हिंदी, आदिलाबादमध्ये निम्म्या लोकांचं असंच चालतं. एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. घर हायवेच्या एका अंगाला आणि जिनिंग दुसऱ्या अंगाला, म्हणून रोज तो फाटा ओलांडावाच लागतो. हायवे म्हणजे 44 नंबरचा, जुने लोक अजून त्याला सातच म्हणतात. नागपूरकडून येतो, पैनगंगा ओलांडून आपल्या जिल्ह्यात शिरतो आणि निर्मलवरून हैदराबादला जातो. चौपदरी झाल्यापासून कारवाल्यांचं भलं झालं. पण शहर वाढत वाढत आता फाट्याला येऊन टेकलंय आणि तिथं सायकलवाल्यासाठी काहीही नाही. डिव्हायडरमधला कट लांब आहे. सर्व्हिस रोड नेमका फाट्याच्या अलीकडे संपतो. त्यामुळे दूधवाले, गवंडीकामावर जाणारे, शाळेची पोरं सगळेच थोडं अंतर राँग साइडनं जातात. कुणी विचारलं की चूक सायकलवाल्याचीच निघते.

त्या दिवशी मात्र मी राँग साइडला नव्हतो. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. कापसाचा हंगाम होता. मार्केट यार्ड सुरू झालं की तीन महिने आमच्या रस्त्यांवर दुसरं काही दिसत नाही. बोलेरो, ट्रॅक्टर, लहान-मोठ्या लॉऱ्या, सगळ्यांवर कापूस दाबून दाबून भरलेला. ताडपत्री दोन्ही बाजूंनी हात हात बाहेर आलेली असते. ड्रायव्हर बसतो उजवीकडे. डावा आरसा त्या फुगलेल्या कापसामागे जातो, म्हणजे त्याला डावीकडचं काहीच दिसत नाही.

मी डाव्या कडेनं, रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवरून चाललो होतो. लॉरी मागून आली, मला ओलांडून पुढे गेली आणि वेग कमी केला. मला वाटलं पुढे गाडी असेल. तिला डावीकडे जिनिंगच्या रस्त्याला वळायचं होतं. इंडिकेटर दिला असेलही, पण मी तोवर तिच्या मधल्या भागाच्या बाजूला आलो होतो, तिथून मागचा दिवाही दिसत नाही आणि पुढचाही दिसत नाही. तिचं तोंड वळलं तेव्हा माझ्यात आणि तिच्यात भरपूर जागा होती. मग ती जागा कमी व्हायला लागली. लांब गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागावरून जात नाहीत, ती आतल्या बाजूला कापत येतात. हे मला पुस्तकात कुणी शिकवलं नव्हतं. मी ते खांद्याच्या उंचीवरून बघितलं. आधी ताडपत्री हँडलला लागली, मऊ होती, आत कापूसच. तिनं मला हळूच बाजूला सारलं. ब्रेक दाबला तर चाक खडीवर सरकलं. डावीकडे नाली, उजवीकडे चाक. मी नालीकडे पडलो, सायकल चाकाकडे गेली. सायकल मोडतानाचा तो आवाज मला अजून कधीही ऐकू येतो, जिनिंगमध्ये लोखंडी पट्टी पडली तरी.

ड्रायव्हर पळाला नाही. विशीतलं पोरगं होतं, नालीत उतरून मला उचललं. ‘चूडलेदन्ना, चूडलेदन्ना,’ एवढंच म्हणत होतं. त्यानं पाहिलंच नव्हतं, आणि ते खरं होतं. त्यानंच ऑटो थांबवला, दवाखान्यात आणलं, साळा येईपर्यंत बसून राहिला.

पुढचं मला नंतर कळलं. मला इंजेक्शन दिलेलं, गुंगी होती. लॉरीचा मालक आला. आमच्याच गावचा माणूस, ओळखीचा. केस पेपर लिहिणाऱ्यानं विचारलं, कसं झालं? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गाडीनं झालं म्हटलं तर पोलिसांना कळवावं लागतं. मालक म्हणाला, खर्च मी देतो, पोराचं लायसन जाईल, त्याला पोलिसात ओढू नका. साळ्यानं मान डोलावली. नंतर मला म्हणाला, ‘भाऊजी, पोलीस स्टेशनच्या चकरा कोण मारणार? तुमचं हाड जुळायचं की तारखा करायच्या?’ त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. मालकानं दिले ते पैसे एक्सरे आणि औषधात संपले. कामावर न गेल्याचे पैसे कुणीच दिले नाहीत, आणि सायकल भंगारात गेली.

मी बरा झाल्यावर त्या फाट्यासाठी अर्ज केला. फार काही मागितलं नव्हतं. वळणाआधी गाड्यांचा वेग उतरेल असे रम्बलर टाका, एक दिवा लावा, आणि सर्व्हिस रोड फाट्यापर्यंत न्या. ऑफिसातल्या साहेबांनी अर्ज नीट वाचला. चांगलं बोलले, खुर्ची दिली. मग म्हणाले, तुमचा फाटा ब्लॅक स्पॉटमध्ये येत नाही, तिथं अपघातांची नोंदच नाही.

नियम असा आहे. राष्ट्रीय महामार्गावरच्या साधारण 500 मीटरच्या तुकड्यात 3 वर्षांत 5 असे अपघात व्हावे लागतात, ज्यांत कुणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं, नाहीतर 3 वर्षांत 10 माणसं मरावी लागतात. मग ती जागा ब्लॅक स्पॉट ठरते आणि दुरुस्तीसाठी पुढे येते. मी ते ऐकून बाहेर आलो आणि पायरीवर बसलो. कायद्यात मोडलेलं हाड म्हणजे गंभीर दुखापतच. माझं कॉलर बोन मोडलं, म्हणजे पाचांपैकी एक माझा होता. तो कार्डावर नाही. माझ्या आधी एका दूधवाल्याचा पाय त्याच कोपऱ्यावर मोडला, तो घरी सांगताना ‘पडलो’ म्हणाला. गवंड्याबरोबर जाणाऱ्या एका बाईला मोटरसायकलनं उडवलं, मोटरसायकलवाला तिच्या नात्यातलाच निघाला, मग कशाची तक्रार? फाट्यावरच्या चहावाल्याला विचारा, तो बोटं मोजून सांगेल कोण कोण पडलं. सरकारला विचारलं तर तिथं काहीच झालेलं नाही. मी जन्मभर काट्यावर आलेल्या कापसाचा किलो-किलो लिहीत आलो, बोंड ओलं असेल तर तेही लिहितो. आणि माणसाचं हाड मोडलं ते कुठेच उतरलं नाही. मला याचा राग येतो. फार येतो. आणि तो कुणावर काढावा हे ठरत नाही, कारण ज्यांनी ते लिहू दिलं नाही ते सगळे माझं भलं चिंतणारेच होते.

वर हिशेबही उलटा. पोलिसात गेलं की पैसे ड्रायव्हरच्या खिशातून जातात असं आपल्याकडे सगळे समजतात. लॉरीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, भरपाई विमा कंपनी देते. 2025 पासून केंद्राची कॅशलेस उपचाराची योजना आहे, गाडीच्या अपघातात 7 दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार त्यात बसतो, पण अपघात झाल्याचं पोलिसांकडून कळावं लागतं. जो माणूस आपोआप पडला त्याला यातलं काहीच नाही. आणि जखमीला उचलून आणणाऱ्याला कुणी अडकवू शकत नाही, 2019च्या सुधारणेनं मोटार वाहन कायद्यात तसं लिहिलंय. म्हणून मी सांगतो, दवाखान्यात विचारलं की खरं सांगा. गाडीनं झालं तर गाडीनं झालं म्हणा.

लंडनमध्येही गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात आणि तिथंही सायकलवाले असेच डावीकडे वळणाऱ्या लॉरीखाली मेले. त्यांनी काय केलं? सायकलवाल्याला दोष देणं सोडून ड्रायव्हरला केबिनमधून किती दिसतं हे मोजायला घेतलं. 12 टनांवरच्या लॉरीला परवान्याशिवाय शहरात येता येत नाही, आणि नीट दिसत नसेल तर आरसे, कॅमेरे, सेन्सर लावावे लागतात. 2021पासून दंडही होतो. आपल्याकडे लॉरीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधल्या मोकळ्या जागेला बाजूनं आडव्या पट्ट्या लावायचा नियम आहेच, म्हणजे माणूस आत ओढला जाऊ नये. आमच्या जिनिंगच्या गेटवर उभं राहून बघा किती गाड्यांना त्या धड आहेत. आणि ताडपत्री आरशाबाहेर जाऊ न देणं याला तर खर्चच नाही, एक खेप जास्त होईल फक्त.

इतके दिवस मी म्हणत आलो की त्या पोराची चूक नाही, रस्त्याची आहे. वर लिहिलंय त्याचा सूरही तोच आहे. पण परवा फाट्यावर तशीच एक लॉरी एका शाळेच्या पोरीला ओलांडून तिच्यापुढेच डावीकडे वळली आणि माझ्या तोंडून शिवी गेली. पोरगी वेळेवर थांबली. दिसत नाही तर वळण्याआधी थांबता येतं ना? ओलांडून लगेच वळायची काय घाई आहे? मग रस्त्याची की ड्रायव्हरची, मला आता सांगता येत नाही. नदीपलीकडे पांढरकवड्याकडे माझी भाची आहे, तिला तिकडच्या मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळाली, शाळेत जायला. बहीण फोनवर आनंदानं सांगत होती. मी आधी विचारलं, वाटेत हायवे लागतो का?

अर्ज परत आलाय. ग्रामपंचायतीचा ठराव जोडा आणि अपघात झालेल्यांची माहिती द्या, असं म्हणतात. दूधवाला सही द्यायला तयार आहे. ती बाई म्हणते घरच्यांना विचारते. साळा म्हणतो, भाऊजी, आता कशाला उकरून काढता, लोक म्हणतील पैसे घेऊन वर बोंब मारतो. मालकानं दिलेल्या पैशांच्या पावत्या माझ्याकडे आहेत, औषधाच्या दुकानाच्या, तारखेसकट. त्याही जोडणार आहे. ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे. लॉरीचा मालक तिथं असेल, त्याचा भाऊ सदस्य आहे. त्याच्यासमोरच मला सांगावं लागेल की मी घसरून पडलो नव्हतो.