बूईची खूण

बूई नावाच्या चिंपांझीला स्वतःचं नाव सांगायचं असलं की तो डोक्याच्या मधोमध बोट ओढायचा. ही खूण त्याला रॉजर फाउट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दिली होती. बूई अगदी लहान असताना सरकारी संशोधन संस्थेत शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूचे दोन भाग एकमेकांपासून तोडले होते. बोट फिरायचं ते त्या रेषेवरून. बिचारा नाव सांगताना दर वेळी आपल्यावरचा प्रयोगही सांगत असे, आणि हे त्याला ठाऊक नव्हतं.

फाउट्स यांना खरं तर लहान मुलांबरोबर काम करायचं होतं. 1967 मध्ये नेवाडा विद्यापीठात शिकताना खर्च भागावा म्हणून त्यांनी वॉशू या चिंपांझी मादीला सांभाळायचं काम धरलं. वॉशूला आफ्रिकेतून पकडून आणलं होतं ते अमेरिकी हवाई दलाच्या संशोधनासाठी. ॲलन आणि बिआट्रिक्स गार्डनर हे दांपत्य तिला कर्णबधिरांची सांकेतिक भाषा शिकवत होतं. त्याआधी व्हिकी या चिंपांझीला तोंडाने बोलायला शिकवण्यात वर्षं गेली होती आणि हाती लागले होते जेमतेम चार शब्द. घसा साथ देत नसेल तर हात देतील, हे गार्डनरांनी हेरलं. वॉशू शंभरावर खुणा शिकली.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो लूलिसचा प्रयोग. 1979 मध्ये वॉशूचं पिल्लू गेलं. फाउट्स यांनी जॉर्जियातल्या संशोधन केंद्रातून दहा महिन्यांचा लूलिस आणून तिच्या ओटीत घातला आणि दंडक घातला: त्याच्यासमोर माणसांनी सात खुणांपलीकडे एकही खूण करायची नाही. तरीही पोरगं खुणा करू लागलं, डझनांनी. शिकवणारी होती वॉशू. ती त्याचा हात धरून खूण घडवायची. माणसाने शिकवलेली गोष्ट माणसाला बाजूला ठेवून पुढच्या पिढीत गेली.

त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट टेरेस यांचा शोधनिबंध आला. नीम या आपल्या चिंपांझीच्या चित्रफिती बारकाईने पाहून ते म्हणाले की ही वाक्यं नव्हेत, बरीचशी शिक्षकाची नक्कल आहे. व्याकरणापुरतं त्यांचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. पण या वादाचा निकाल भोगला तो प्राण्यांनी. अशा कामाचा पैसा आटला आणि 1982 मध्ये, बूई आणि नीम जिथे होते त्या ओक्लाहोमातल्या संस्थेने आपले चिंपांझी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या लेमसिप या वैद्यकीय प्रयोगशाळेला विकले. नीम प्रसिद्ध होता, गाजावाजा झाला, तो सुटला. बूई राहिला. त्याच्या अंगात हेपटायटिस सीचा विषाणू घातला गेला.

1995 मध्ये टीव्हीचा कॅमेरा घेऊन फाउट्स त्याला भेटायला गेले. तेरा वर्षं उलटली होती. बूईने ओळखलं. डोक्यावरून बोट ओढलं, मग कानाच्या पाळीशी बोट नेऊन रॉजरना लाडाच्या नावाने हाक मारली, खाऊ मागितला. कार्यक्रम लोकांनी पाहिला, आणि बूईची रवानगी कॅलिफोर्नियातल्या आश्रयस्थानात झाली.

इथे आनंद व्हायला हवा, तो मला पुरता होत नाही. बूई सुटला कारण त्याला मागता येत होतं, आणि तेही आपल्याला कळेल असं. खुणा न शिकवलेल्या चिंपांझींनी काय करायचं? पुढे लेमसिप बंद झाली तेव्हा तिथल्या कितीतरी चिंपांझींच्या वाट्याला न्यू मेक्सिकोतली दुसरी प्रयोगशाळा आली. फाउट्स यांच्या कामाची हीच गोची आहे. चिंपांझी बोलू शकतो हे दाखवण्यात त्यांनी उमेदीची वर्षं घातली, आणि त्यातूनच दया मिळवायची जणू एक प्रवेशपरीक्षा तयार झाली. त्यांनाही ती नको असणार. नंतर ते सगळ्याच चिंपांझींच्या सुसह्य पिंजऱ्यांसाठी भांडत राहिले.

2015 मध्ये अमेरिकेने बंदिवासातल्या चिंपांझींनाही संकटग्रस्त ठरवलं आणि त्यांच्यावरचे असे प्रयोग जवळजवळ थांबले. खुणा येतात की नाही, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. पण माकडांचं तसं नाही. कोव्हॅक्सिन ही कोविडची लस सर्वसामान्यांना देण्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने ती 20 ऱ्हीसस माकडांवर तपासली. हे मी लस घेतल्यावर वाचलं. आधी वाचलं असतं तरी दंड पुढे केलाच असता.