दोन पाचुंदे आणि सात

दसरा सरला की बालाघाटच्या डोंगररांगांतील गावांतून एक वेगळीच लगबग सुरू होते. नांदेड जिल्ह्यातील मुखेड आणि कंधार, त्यांना लागून असलेला लातूर जिल्ह्यातील जळकोट, हा सारा मुलूख बहुतांशी कोरडवाहू. जमीन हलकी, पाऊस लहरी. खरिपाची रास घरात आली की कित्येकांच्या शेतात फारसे काम उरत नाही. मग वेशीत ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. भांडीकुंडी, पांघरुणे, पिठाचे डबे त्यांत चढतात आणि ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दूरच्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला या धंद्यात ‘कोयता’ म्हणतात. माणसांना हत्याराचे नाव मिळावे, ही गोष्ट क्षणभर थांबून विचार करण्याजोगी आहे.

या कोयत्यांबरोबर पूर्वी मुलेही जात. जूनमध्ये पहिलीच्या वर्गात बसलेले मूल दिवाळीनंतर उसाच्या फडात धाकट्या भावंडाला सांभाळीत असे, आणि होळी-पाडव्याच्या सुमारास गावी परतले म्हणजे पाटीवरची अक्षरे त्याला परकी वाटत. पुढे कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या. मुले गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजनाही आली. तथापि सहा वर्षांचे मूल मागे ठेवायचे म्हटले की आईचा जीव अजूनही खालीवर होतो.

मुखेड आणि जळकोट यांच्यामधील अशाच एका गावात, एका माळवदाच्या घरात, मागे तिघे जण राहिले होते : साठीच्या घरातील आजी, सहावीत शिकणारी मुलगी आणि पहिलीत बसलेला तिचा धाकटा भाऊ. निघताना वडील म्हणाले होते, “आठ दिवस बघा. रडला, शाळेला गेला नाही, तर मागच्या गाडीत बसवून द्या. राहील आमच्यासंगं फडावर.”

हे वाक्य आजीने ऐकले, तसेच त्या मुलीनेही ऐकले; आणि तिने ते फारच मनावर घेतले. कोणी सांगितले नव्हते, तरी त्याच संध्याकाळी तिने ढाळजेत शाळा भरविली. एक विद्यार्थी, एक पाटी आणि हातात एक तुराटी. सहावीतील मुलीला आपल्या शिक्षकांचे खाकरणेसुद्धा हुबेहूब वठविता येते. तेवढे तिने वठविले. भावाला समोर बसवून तिने ‘क ख ग घ’ घोकून घेण्यास आरंभ केला.

अडचण अशी की शाळेत गुरुजी त्याला ‘ग म भ न’ शिकवीत होते. या क्रमामागे एक साधे कारण आहे. या चारही अक्षरांच्या उजवीकडे उभा दंड असतो. डावीकडची रेघ थोडी निराळी वळविली की दुसरे अक्षर तयार होते. लहान हाताला वळण लावण्यास ते सोपे जाते. ‘क ख ग’ हा क्रम उच्चारांच्या शास्त्रावर उभारलेला आहे, आणि तो सुंदरच आहे. परंतु पेन्सिल नुकतीच धरू लागलेल्या बोटांना ते शास्त्र कळत नाही. त्या पोराला दिवसा एक वाट दाखविली जाई आणि संध्याकाळी दुसरी. शिवाय तो बोलू लागला की अक्का त्याची भाषाही सुधारी. घरी ‘काय करूलालास?’ असे विचारतात आणि पुस्तकात ‘काय करीत आहेस?’ असे छापलेले असते. हा फरक मूल पुढे आपोआप ओळखते. त्या भागातील बंजारा तांड्यांवरच्या मुलांच्या घरी तर गोरमाटी बोलली जाते. देगलूरकडे तेलुगू आणि कन्नड कानांवर पडते. अशा मुलाने प्रथम निर्भयपणे बोलावे, हे महत्त्वाचे. दर वाक्याला टोकले की ते गप्प बसते, आणि गप्प बसलेल्या मुलाला काय येते नि काय येत नाही, हे मोठ्यांना तरी कसे कळणार?

तिसऱ्या दिवशी अक्काने भावाचा हात आपल्या मुठीत धरून ‘क’ गिरविला. हात ओढला गेला आणि पेन्सिल मोडली. पोरगा रडला नाही. तो उठून आजीजवळ गेला आणि म्हणाला, “मला गाडीत बसवून दे.”

मुलीच्या हातून तुराटी गळून पडली. तिला हेच नको होते.

ही आजी निरक्षर होती असे म्हणणे पूर्णपणे खरे नाही. १९७२ सालच्या जूनमध्ये तीही पहिलीच्या वर्गात बसली होती. त्या वर्षी पाऊस पडला नाही. मराठवाड्यात विहिरी आटल्या, दावणीची जनावरे कवडीमोलाने गेली, आणि माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडू लागली. आई खडी फोडी आणि ही सहा वर्षांची मुलगी कडेवर भाऊ घेऊन शेजारी बसे. मिलो नावाच्या लाल ज्वारीची भाकर आणि कामावर मिळणारी सुकडी, यांची चव तिला अजून आठवते. दुष्काळ सरला, पण ती पुन्हा शाळेत गेली नाही. का गेली नाही, हे कोणी तिला विचारलेही नाही. पाटीवर गिरविलेली चार-पाच अक्षरे तेवढी तिच्यापाशी उरली होती, तीही धड नव्हेत.

तिने नातीला रागे भरले नाही. पडलेली तुराटी उचलून चुलीत सारली, भाकरी उतरविल्या, आणि मग चाळलेली राख परातीत पसरून नातवापुढे ठेवली. जुन्या काळी पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर लिहीत, तसाच हा प्रकार.

“गुरुजींनी आज काय शिकवलं, ते मला शिकव की, बाळा. मला येत नाही.”

पोराने तिच्याकडे संशयाने पाहिले. मोठी माणसे अनेकदा ठाऊक असलेलेच प्रश्न विचारतात, हे त्याला पाच महिन्यांत कळून चुकले होते. पण आजीने बोट राखेत टेकवून जो ‘भ’ काढला, तो पाहून त्याची खात्री पटली की हिला खरोखरच येत नाही.

“आजी, गाठ राहिली त्याची!” तो ओरडला आणि स्वतः काढून दाखवू लागला.

ज्याला येते तो मुलाची परीक्षा घेतो. ज्याला येत नाही तो ऐकतो. आजीला चूक दाखविता येत नव्हती, म्हणून ती शेवटपर्यंत ऐकून घेई. गोष्ट सांगताना पोरगा अडखळला की ती एवढेच विचारी, “मग? पुढं काय झालं?” या दोन शब्दांनी जितके मराठी शिकविले असेल, तितके कित्येक छापील स्वाध्यायांनीही शिकविले नसेल.

उंबऱ्यावर बसून मुलगी हे सारे पाहत होती. तिचा मान दुखावला होता, आणि तिला परत आत यायला काही निमित्त हवे होते. ते दोन दिवसांनी मिळाले.

पोराने वहीत ‘सतरा’ लिहिले होते ७१. खोडून पुन्हा लिहिले, तरी ७१. यात त्याचा फारसा अपराध नव्हता. ‘सतरा’ म्हणताना सात आधी ऐकू येतो आणि दहा मागून येतो. लिहिताना मात्र दहाचा एक आधी मांडावा लागतो. कान एक सांगतो, हात दुसरे करतो. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस, बावीस’ यांच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचनही दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रभर मोठा वाद झाला. त्या वादात कोणतीही बाजू घ्यावी. मुलांची अडचण मात्र खरी आहे.

आजीला ७१ आणि १७ यांतील भेद वाचता येत नव्हता. पण सतरा म्हणजे किती, हे तिला पक्के ठाऊक होते. कडब्याच्या पाच पेंढ्या एकत्र केल्या की त्याला पाचुंदा म्हणतात; असे वीस पाचुंदे म्हणजे शंभर पेंढ्या. आयुष्यभर तिने कडबा असाच मोजला होता. तिने काड्या मोडून आणल्या आणि पाच-पाचांचे ढीग मांडले.

“हे बघ, सतरा म्हंजे तीन पाचुंदे न् वर दोन.”

पोरगा काड्यांकडे पाही आणि वहीकडे पाही. दोहोंचा मेळ बसेना. तेव्हा उंबऱ्यावरून अक्का उठली. तिने काही न बोलता दोन पाचुंदे एकत्र घेतले, त्यांना सुतळीचा वेढा दिला आणि ती जुडी डाव्या हाताला ठेवली. तिसरा पाचुंदा तिने मोडला. त्याच्या पाच आणि वरच्या दोन अशा सात सुट्या काड्या उजव्या हाताला मांडल्या.

“जुड्या किती?” तिने विचारले. आवाजात गुरुजींचे खाकरणे नव्हते.

“एक.”

“सुट्या?”

“सात.”

त्याने जुडीखाली १ लिहिला आणि सुट्या काड्यांखाली ७. मग तो आकडा तिघांनीही पुष्कळ वेळ पाहिला. आजीने तर बोट ठेवून पाहिला. शेतातली मोजणी आणि शाळेतली मांडणी एकाच फरशीवर शेजारी-शेजारी पडली होती. (डिसेंबरातही तो अधूनमधून ७१ लिहीतच असे. एका संध्याकाळी सारे जमले, असे फक्त गोष्टींत होते.)

मुलाच्या अंगणातच त्याचे शिक्षण सुरू व्हावे, हा विचार महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी कृतीत आणला. १९४५ साली बोर्डीला त्यांनी बालवाडीचे काम आरंभिले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अलीकडे, २०२२ साली, ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचे अभियान राज्यात सुरू झाले. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळांतून मेळावे भरले, आणि गावोगाव मातांचे गट तयार झाले. घरातल्या भाज्या, वाट्या, दाणे, कपडे यांच्या साहाय्याने मुलाकडून काय करून घेता येईल, हे त्या गटांतून सांगितले जाते. कपड्यांच्या घड्या घालताना मोठा-लहान कळतो, डाळ निवडताना वर्गीकरण कळते. यासाठी आईला लिहितावाचता आलेच पाहिजे असे नाही, ही त्यातील फार मोलाची गोष्ट आहे. ज्या घरांतील माता ऊसतोडीला गेल्या आहेत, तिथे अर्थातच आजीची पाळी येते.

आठव्या दिवशी रात्री वडिलांचा फोन आला. मागे उसाच्या ट्रॅक्टरांचा आवाज येत होता.

“कसा हाय गं? गाडी उद्या निघतीय गावाकडून. बसवून देता का?”

मुलीने ढाळजेकडे पाहिले. परातीवर ओणवा होऊन पोरगा आजीचे बोट धरून काहीतरी गिरवून घेत होता. तिला वाटले, आपण धरला होता तसा तो हात ओढीत तर नाही ना? नव्हता.

“त्याला आता येता येत नाही, बाबा,” ती म्हणाली. “तो शिकवूलालाय.”

पलीकडे वडील काही वेळ बोललेच नाहीत. मग आईने फोन घेतला आणि जेवलात का, म्हणून विचारले.

पाडव्याच्या आधी टोळी परतली. आईने बोचके उतरविले, पाय धुतले, आणि पोराला मांडीवर घेऊन त्याची वही उघडली. तिला स्वतःला चौथीपर्यंतचे वाचता येत होते. पाने उलटताना ती मध्येच थांबली. एका पानावर वरच्या ओळीत पोराची वाकडीतिकडी अक्षरे होती. खालच्या ओळीत तीच अक्षरे पुन्हा काढलेली होती. अधिक मोठी, अधिक थरथरती, आणि प्रत्येक ‘भ’ची गाठ मात्र नीट घातलेली. शेजारी कोणीतरी लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती.

“ही खालची अक्षरं कुणाची गं?”

पोराने आजीकडे पाहिले. अक्कानेही पाहिले.

“भाकर करपूलाली,” असे म्हणून आजी लगबगीने आत गेली.